नष्ट केलेल्या तबकड्या आणि न दिलेले उत्तर

ऑक्टोबर २००६ मध्ये आपल्या समाजाच्या खात्यावर एक विजय जमा झाला. 'स्लेअर' या अमेरिकन हेवी मेटल वाद्यवृंदाचा 'ख्राइस्ट इल्यूजन' हा गीतसंग्रह ई.एम.आय. इंडिया कंपनीने बाजारातून मागे घेतला, सारा साठा नष्ट केला आणि तो पुन्हा न आणण्याची हमी दिली. मुंबईच्या कॅथॉलिक सेक्युलर फोरमने पोलीस आयुक्तांना दिलेल्या निवेदनाचे हे फळ. आम्हांस तो विजय वाटत नाही. ती पळवाट होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संग्रहाची वकिली आम्हांस करावयाची नाही. लॅरी कॅरल यांच्या मुखपृष्ठावर हात तुटलेला, एक डोळा गेलेला ख्रिस्त रक्ताच्या समुद्रात उभा आहे. चित्र किळसवाणे आहे, यात वाद नाही. केरी किंग यांचे 'स्केलेटन ख्राइस्ट' हे गीत म्हणजे निव्वळ शिवीगाळ. त्यात युक्तिवाद शोधूनही सापडत नाही. परंतु छिन्नविच्छिन्न ख्रिस्त पाहून दचकण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील सेवकाला रूप नाही की सौंदर्य नाही. दर शुभ शुक्रवारी आपण रक्तबंबाळ मूर्तीच्या पायांचे चुंबन घेतो. त्या चित्राचा दोष जखमा दाखविण्यात नाही. त्या कोणासाठी सोसल्या, हे त्यात कोठेच नाही, हा त्याचा दोष आहे. हे पोलीस आयुक्तांनी कसे सांगावे? ते सांगणे आमचे, धर्मगुरूंचे काम होते.

या संगीताचे मूळही समजून घेतले पाहिजे. १९८१ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या या वाद्यवृंदाने मेटलच्या वजनदार गिटारीला पंकचा वेग जोडला. जेफ हॅनेमन यांना हार्डकोर पंकचे वेड होते. १९८६ च्या 'रेन इन ब्लड'मधील दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात, ती त्यामुळेच. १९९६ मध्ये तर त्यांनी बहुतांशी जुन्या पंक गीतांचाच एक संग्रह काढला. सत्तरच्या दशकात निराश तरुणांच्या हाती सापडलेल्या या पंकचे म्हणणे थोडक्यात असे, की राजा, शाळा, चर्च, सारे अधिकारी खोटे बोलतात आणि प्रश्न विचारला की तोंड दाबतात. अशा आरोपाला तबकड्या नष्ट करून उत्तर देणे म्हणजे आरोपीने स्वतःच फिर्यादीचा साक्षीदार होणे!

शिवाय निवेदनाच्या घाईत एक गोष्ट नजरेतून सुटली. त्याच संग्रहात 'आईज ऑफ द इन्सेन' हे गीत आहे. युद्धाहून परतलेल्या सैनिकाच्या विदीर्ण मनाचे ते चित्र आहे, आणि त्याचे शब्द लिहिणारे टॉम अराया स्वतःला कॅथॉलिक म्हणवितात. साठा नष्ट झाल्यावर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, त्या गीतास ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शिवीगाळीबरोबर हेही आपण रद्दीत घातले.

रोममधील पॅलाटिन टेकडीवर १८५७ साली एक भित्तिचित्र सापडले. गाढवाचे डोके असलेला एक माणूस क्रूसावर टांगलेला आहे. खाली लिहिले आहे, अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. इतकी क्रूर थट्टा स्लेअरलाही साधलेली नाही. जवळच्याच दुसऱ्या खोलीत आणखी एक ओळ सापडली: अलेक्सामेनोस श्रद्धावंत आहे. ती कोणी कोरली, कोण जाणे. पण पहिल्या चित्राला तिच्याइतके चोख उत्तर आम्हांस सुचत नाही. चित्र खरडून टाकावे, असे कोणास वाटले नाही, म्हणून तर आज दोन्ही वाचता येतात.

आणि 'भावना दुखावल्या' हे शस्त्र दुधारी आहे. अल्पसंख्याकांनी ते परजावे, याचे आम्हांस नवल वाटते. आज आपण निवेदन घेऊन गेलो. उद्या आपल्याच प्रार्थनासभेविरुद्ध कोणी तसेच निवेदन घेऊन गेले, तर कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

बरे, साधले काय? आमच्या कासार आंबोलीत, पिरंगुटच्या कारखान्यांत कामास जाणाऱ्यांच्या घरांतील मुले तो संग्रह आज मोबाइलवर ऐकतात. बंदी घालणाऱ्यांना वाटले, प्रश्न संपला. मुलाच्या कानात तो चालूच आहे: देव असेल, तर त्याच्या नावाने इतके रक्त का? हा प्रश्न ईयोबानेही जवळजवळ याच सुरात विचारला आहे आणि ख्रिस्तसभेने ते पुस्तक बायबलमधून काढलेले नाही. मुलगा तो प्रश्न घरी विचारीत नाही, कारण घरी 'ते बंद कर' याखेरीज दुसरे वाक्य त्याच्या कानी पडत नाही.

ज्या पालकांना ही गाणी मुलाशेजारी बसून ऐकण्याचा संकोच वाटतो, त्यांनी रविवारी मिस्सानंतर मुलासह आमच्याकडे यावे. शब्द आम्ही मराठीत समजावून सांगू. मोबाइल मात्र मुलाने आणावा.