ताकद आहे हो, पण पकड कुठाय?

आपल्या होस्टेलवर गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती बीएचपी?’ दुसरा, ‘टॉर्क किती?’ ही ताकद रस्त्यावर उतरते कशी, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते खरं इंजिनिअरिंग तिथूनच सुरू होतं.

बारामती-इंदापूर भागातलं स्कॉर्पिओचं वेड काही नव्यानं सांगायला नको. 2002 साली पहिली स्कॉर्पिओ आली तेव्हा तिच्या डिझेल इंजिनाची ताकद 109 बीएचपीच्या आसपास होती. 2022 साली आलेल्या स्कॉर्पिओ-एनच्या डिझेलमध्ये ती 175 पीएसपर्यंत गेली आणि ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क 400 न्यूटन-मीटर झाला. गाडी फोर बाय फोर नसेल तर हे सगळं फक्त मागच्या दोन चाकांवर. म्हणजे हिशेबाला रस्त्याला टेकलेलं रबर किती, तर साधारण दोन तळहातांएवढं!

तरी कुणी ट्यूनिंग बॉक्स लावून ताकद आणखी वाढवतो. कुणी मागे कडक स्प्रिंगा टाकतो, गाडी दोन इंच उचलतो आणि म्हणतो, ‘आता बघ कशी पळते.’ पळते हो, पण धरते का?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘ट्रॅक्शन’ला मराठीत काय म्हणायचं म्हणून शब्दकोश उघडला तर ‘कर्षण’ असा भारदस्त शब्द मिळाला. आपल्याकडचा ट्रॅक्टरवाला मात्र सरळ ‘पकड’ म्हणतो, आणि ती कशी वाढवायची हेही त्याला ठाऊक असतं. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर बघा. ओढ मागच्या चाकांची. मागं वजन हवं म्हणून टायरमध्ये पाणी भरतात, पुढचं टोक उचलू नये म्हणून पुढं लोखंडी वजनं लावतात, आणि रानात एक चाक नुसतंच फिरायला लागलं की डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबतात. वायवाला आपण जे पाठ करून जातो, ते हा माणूस रोज वापरतो.

पण ट्रॅक्टरची युक्ती गाडीला जशीच्या तशी चालत नाही. ट्रॅक्टर हळू चालतो आणि त्याच्या मागच्या ॲक्सलला सस्पेन्शन नसतंच. ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या गाडीचं चाक जड केलं तर ते खड्ड्यावरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला पकड शून्य. गाडीत हे काम सस्पेन्शनचं. टायर जमिनीला सतत आणि सारख्या दाबानं टेकलेला ठेवायचा, बस.

इथे एक गैरसमज काढून टाकूया. ‘मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या की गाडी मागं बसते, म्हणून जास्त वजन मागं येतं’ असं पुष्कळ जण म्हणतात. गणित करून बघा. समजा गाडी 1,900 किलोची, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.7 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटीमीटर आणि प्रवेग ‘जी’च्या 0.3 पट. मागच्या चाकांवर सरकणारं वजन येतं सुमारे 150 किलो. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही! स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एवढंच ठरवतात की ते वजन किती पटकन येणार आणि आल्यावर टिकणार की नाचणार. अति कडक स्प्रिंग चाक उडवते. शॉक गेलेले असतील तर चाक थयथय नाचतं. गाडी उचलली तर गुरुत्वमध्य वर जातो आणि मागं थोडं वजन वाढतं हे खरं, पण वळणावर उलटण्याचा धोकाही त्याच्याबरोबर वाढतो.

दुसरी अडचण सरळ ॲक्सलची. पाटा स्प्रिंगवाल्या गाडीत जोरात क्लच सोडला की ॲक्सल स्वतःभोवती पिळतो आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो. टायर सुटला की पाटा सरळ होतो, टायर पुन्हा धरतो, पाटा पुन्हा वाकतो. यालाच ‘व्हील हॉप’ म्हणतात. त्याशिवाय प्रोपेलर शाफ्टचा टॉर्क एका बाजूचं चाक हलकं करतो. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देत असल्यामुळे घसरणारं चाक जेवढा पेलेल तेवढाच चांगल्या चाकालाही मिळतो. म्हणून तर 2021 च्या बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल दिला, आणि स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या ॲक्सलला पाच लिंक आणि वॉट लिंकेज लावून जागच्या जागी धरला. कंपनीनं ताकद वाढवताना मागची बाजूही सुधारली. आपण गॅरेजमध्ये फक्त ताकद वाढवतो!

कुणी म्हणेल, ‘ट्रॅक्शन कंट्रोल आहे की!’ आहे, पण तो घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, इंजिनाची ताकद कमी करतो. असलेली पकड तो जपून वापरतो, नवी निर्माण करत नाही.

हे सगळं मी लिहितेय कारण हंगामात आपले रस्ते बदलतात. रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, दवानं भिजते, वर उसाचं पाचट पडतं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक 0.7 ते 0.8 असतो, या चिखलावर तो निम्म्याहूनही खाली जातो. अशा वळणावर टर्बो एकदम जागा झाला की गाडीचं मागचं टोक बाहेर निघतं. शेजारून तेव्हा शाळेची पोरं सायकलवर, ऊसतोडीची कुटुंबं बैलगाडीत चाललेली असतात. त्यांच्या अंगावर प्रयोग करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून पैसे घालायचेच असतील तर क्रम असा असावा: आधी चांगले टायर आणि योग्य प्रेशर. मग शॉक आणि बुश. मग डिफरन्शियल. लिंकची भूमिती त्यानंतर, तीही गणित करून. ताकद सगळ्यात शेवटी. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून लिंक जोडून घेणं तर नकोच. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सुद्धा आडवं येतं.

आणि सरांना एक विनंती. फायनल इयरला तीच तीच मॉडेल्स पुन्हा रंगवण्यापेक्षा एखाद्या ग्रुपला हा विषय द्या. बंद मैदानावर, चिखल कालवून, एकाच गाडीचे टायर प्रेशर आणि शॉक बदलून पकड मोजू द्या. निघालेले आकडे आपल्या मातीतले असतील.

बघा पटतंय का. नाही पटलं तर मेसमध्ये भांडायला जरूर या. फक्त येताना बीएचपीचा आकडा नको, आपल्या गाडीचं टायर प्रेशर तपासून या!