सापाला खाऊ घालायच्या आधी

मृगाचा पाऊस पडला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात साप दिसायला लागतात. बिळांत पाणी शिरतं, उंदीर-बेडूक बाहेर येतात आणि त्यांच्यामागे धामण कधी पराटीच्या वावरात, कधी कुटाराच्या ढिगाखाली, तर कधी थेट गोठ्यात सापडते. पूर्वी लोक काठी शोधायचे. आता गावातलं एखादं धीट पोरगं ती पकडतं, प्लास्टिकच्या बरणीत टाकतं आणि झाकणाला भोकं पाडतं. दोन-चार दिवसांनी विचारणा येते, "भाऊ, साप काहीच खात नाही. काय देऊ?"

मारण्यापेक्षा पाळण्याची इच्छा कितीतरी बरी. असं विचारणाऱ्याला त्या जिवाची काळजी असते, म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नाही. पण उत्तर स्पष्ट दिलं पाहिजे: काहीही देऊ नका. तो साप भुकेने नव्हे, भीतीने उपाशी आहे.

साप शिकार गिळतो तेव्हा तो सगळ्यात असुरक्षित असतो. तोंड अडकलेलं, अंग जड, पळता येत नाही. म्हणून जिथे धोका वाटतो तिथे तो खातच नाही, आणि खाल्लेलं असलं तरी ओकून टाकतो. बरणीत लपायला जागा नाही, चारी बाजूंनी उजेड, वरून दर तासाला कोणी ना कोणी डोकावतं. अशी धामण दिवसभर झाकणाच्या भोकांवर तोंड घासत राहते. दोन दिवसांत तिच्या नाकाडावरचे खवले निघतात, खालचं लाल मांस दिसतं. पुढे त्याच जखमेत पू होतो आणि तोंड उघडणंही तिला जड जातं. आपण मात्र समोर अंडं ठेवून वाट बघत बसतो.

दूध तर देऊच नका. दूध हे सापाचं अन्नच नव्हे आणि ते त्याला पचत नाही. नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पिताना दिसतो, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. तहानेने तो मिळेल ते पितो. ते दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊन मरतो. श्रावणात गारुडी दारात आला तर वाटी पुढे करू नका, वनविभागाला कळवा.

काही जण बरणीत जिवंत उंदीर सोडतात. न खाणाऱ्या सापाजवळ उंदीर रात्रभर राहिला तर उंदीरच सापाला कुरतडतो. जबरदस्तीने तोंड उघडून मांसाचा तुकडा कोंबणं त्याहून वाईट. त्यात जबडा दुखावतो, दात तुटतात. शिवाय हातातला साप नेमका कोणता, याची खात्री किती जणांना असते? पट्टे बघून कवड्या समजलेला साप मण्यार निघू शकतो. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही आणि माणूस श्वास बंद पडून जातो. घोणशीचं पिल्लू डुरक्या समजून हाताळणारेही आहेत. दंश झालाच तर बांधाबांध, कापाकापी नको, मांत्रिक नको. १०८ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात तडक जा.

यात कायदाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे आपल्याकडचा कोणताही जंगली साप पकडून घरी पाळता येत नाही. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आता पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षांची, दंड किमान पंचवीस हजार. मांडुळाबद्दल जास्त सांगायला हवं. दुतोंड्या म्हणून, गुप्तधनाच्या नावाने, वजनावर लाखोंचे भाव सांगून त्याचा काळाबाजार चालतो, आणि वजन वाढावं म्हणून त्याला कोंडून खाऊ घालतात. त्याला तोंड एकच असतं, शेपटी बोथट असते एवढंच. त्यातून धन कोणालाच मिळत नाही, तुरुंग मात्र मिळतो.

आता साप पाळणाऱ्यांचा दुसरा गट. शहरात शिकायला गेलेली मुलं बॉल पायथनसारखे परदेशी साप विकत घेऊन घरी आणतात. ज्यांचा असा प्राणी याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो त्यांनी २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंद केलीच पाहिजे. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, आणि उपास धरण्याबद्दल प्रसिद्ध. नवा आणला की पहिला आठवडा त्याला हातही लावू नका. अंग घासून बसेल एवढीच लपायची जागा, स्वच्छ पाणी, पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश ऊब आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास, एवढं आधी जमवा. मग त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच उंदीर द्या. मेलेला, बर्फातला पूर्ण वितळवून कोमट केलेला, संध्याकाळी, लांब चिमट्याने. नाही घेतला तर काढून घ्या आणि पुन्हा आठवडाभर थांबा. डोळे दुधाळ दिसत असतील तर कात टाकेपर्यंत देऊच नका. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नका. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. धडधाकट मोठा साप महिना-दोन महिने न खाता राहतो. वजन सारखं घटत असेल, तोंडात फेस किंवा श्वासात घरघर असेल तर पशुवैद्य गाठा.

आपल्या जिल्ह्यात ऊब सांभाळणं हेच सगळ्यात अवघड काम. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो; गारठलेल्या सापाला खाल्लेलं पचत नाही, ते पोटात सडतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीतली काचपेटी भट्टी होते. ही सोय जमणार नसेल तर साप आणूच नका. आणि नकोसा झाला म्हणून टिपेश्वरच्या किंवा पैनगंगेच्या जंगलात तर मुळीच सोडू नका. बाहेरचे रोग आपल्या सापांत शिरतील.

बरणीतल्या धामणीचं काय करायचं, हे सोपं आहे. बरणी सावलीत ठेवा, वर ओला फडका टाका, पोरांना लांब करा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. नोंदणी असलेला सर्पमित्र येऊन नोंद करून तिला त्याच शिवारात सोडेल. तिथे तिला खाऊ घालायला कोणी लागत नाही. उद्यावर टाकू नका, आजच फोन करा.