एका बादलीची स्वच्छता

शहापूर तालुक्यात तानसा नदीवर बांधलेले धरण १८९२ साली पूर्ण झाले. तेव्हापासून या जलाशयाचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या मुंबईची तहान भागवीत आले आहे. परंतु ज्या तालुक्यात हा जलाशय आहे, त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची पाळी कितीदा तरी आली आहे. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी स्त्री एकीकडे आणि रबरी नळी मोकळी सोडून मोटार धुणारा मनुष्य दुसरीकडे, ही दोन्ही दृश्ये एकाच वेळी घडत असतात. म्हणून मोटार कशी स्वच्छ करावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पुष्कळांची समजूत अशी, की भरपूर पाणी ओतले म्हणजे स्वच्छता झाली. ही समजूत चुकीची आहे. पाण्याच्या लोटाने मोटारीचा वरचा रंग तेवढा चमकतो. आतील धूळ जिथल्या तिथेच राहते. मनुष्य मोटारीच्या छपरावर बसत नाही, आत बसतो. तिथल्या हवेत तो श्वास घेतो. तेव्हा खरी स्वच्छता आतच हवी. आणि तिला पाणी थोडे लागते, कष्ट मात्र लागतात.

हे काम घरच्या घरी सहज होते. प्रथम पायाखालच्या चटया बाहेर काढून झटकाव्यात व उन्हात टाकाव्यात. पावसाळ्यात त्या ओल्याच राहिल्या, तर बुरशी धरते आणि कुबट वास येतो. मग कोरड्या कुंच्याने वरून खाली धूळ काढावी. आधी खालचा भाग झाडला, तर वरची धूळ पुन्हा त्यावरच पडते. त्यानंतर ओले फडके घट्ट पिळून सारे पुसून घ्यावे.

काचेकडे विशेष लक्ष द्यावे. तिच्या आतल्या अंगावर एक पातळ, तेलकट थर बसतो. दिवसा तो जाणवत नाही; पण रात्री मुंबई-आग्रा महामार्गावर समोरच्या वाहनाचा झोत पडला, की तो थर उजळतो आणि रस्ता धूसर होतो. एवढ्याशा हयगयीपायी प्राणावर बेतू शकते. काच सावलीत, आधी ओल्या व मग कोरड्या फडक्याने पुसावी. खिडकीची काच थोडी खाली घ्यावी, म्हणजे खाचेत लपलेली तिची वरची कडही पुसता येते.

सर्वांत उपेक्षित जागा म्हणजे दाराची चौकट. दार मिटले, की ती झाकली जाते. म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. चिखलाने ती बुजली, तर पावसाचे पाणी दाराच्या पोटात साचते आणि पत्र्याला आतून गंज चढतो. वरून नवी दिसणारी मोटार आतून कुजू लागते. झाकलेली घाण दिसत नाही, पण ती आपले काम थांबवीत नाही.

कोणी म्हणेल, "पैसे दिले, की हे काम दुसरा करील, त्यालाही चार पैसे मिळतील." हे खरे आहे, आणि अशा श्रमाचा मोबदला योग्यच दिला पाहिजे. तथापि ज्याने चौकटीतला चिखल एकदा तरी स्वतःच्या बोटांनी काढला, तो पुन्हा चिखलाचे पाय घेऊन आत चढत नाही आणि हे काम करणाऱ्याला तुच्छ लेखीत नाही. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले. स्वच्छता दुसऱ्याला सांगण्यापूर्वी त्यांनी ती स्वतः केली. म्हणून लोकांनी त्यांचे ऐकले.

वरची धूळही कुंच्याने झाडून ओल्या फडक्याने पुसली, तर साऱ्या मोटारीला एक बादली पाणी पुरते. साबण न घातलेले उरलेले पाणी अंगणातील एखाद्या झाडाच्या मुळाशी ओतावे. तानशाच्या परिसरात पाण्याचा एक थेंबही वाया जाणे बरे नव्हे; आणि जिथे ते पाणी नळाने पोहोचते, तिथे तर मुळीच नव्हे.