उकिरड्याची दैना

परळी वैजनाथाच्या यात्रेकरूस देवदर्शनाबरोबर औष्णिक विद्युत केंद्राच्या धुरांड्यांचेही दर्शन, इच्छा असो वा नसो, घडतेच. आणि दूरदेशीचा कोळसा जाळून मागे जी राख उरते तिचा अनुभव आसमंतातल्या शेतांनी व घरांनी वर्षानुवर्षे घेतलेला असल्यामुळे, ज्वलनाच्या विद्येत बीड जिल्ह्यातील मनुष्यास नव्याने शिकवावे असे फारसे काही नाही. तरीही बीड शहराचा केरकचरा जाळून वीज काढण्याची कल्पना निघाली, की शहाणीसुरती माणसे माना डोलावू लागतात. घाण जाते, वीज येते आणि वर पृथ्वीचा तापही उतरतो, असा तिहेरी लाभ कोणास नको असेल?

यातील तापाचा हिशेब मात्र खतावणी उघडून पाहावा असा आहे. जमेची बाजू खोटी नाही. ढिगाच्या पोटात हवेवाचून कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, आणि त्याची उष्णता कोंडून ठेवण्याची शक्ती, शंभर वर्षांच्या मापाने, कर्बवायूच्या सुमारे २८ पट व पहिल्या वीस वर्षांच्या मापाने ८० पटींहून अधिक भरते. पण खर्चाच्या बाजूस प्लॅस्टिक आहे, आणि प्लॅस्टिक म्हणजे रूप पालटलेले खनिज तेलच. पिशव्यांचे एक किलो प्लॅस्टिक जाळले तर सुमारे तीन किलो कर्बवायू आकाशात जातो. तेच पुरले तर अन्य उपद्रव पुष्कळ होतील, परंतु मिथेन होणार नाही. कागद-लाकूड वगळल्यास, जे सुखाने जळते ते मिथेन करीत नाही, आणि भाजीचे देठ, खरकटे, सडकी फळे हे जे मिथेन करते ते पाण्याने इतके जड असते की भट्टीची निम्मी शक्ती त्यास वाळविण्यातच खर्ची पडावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही पुनर्वापरास निरुपयोगी आणि किलोमागे १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता देणारा कचराच ऊर्जेसाठी राखून ठेवला होता, तो उगीच नव्हे.

पिंपरी-चिंचवडच्या मोशी येथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये उद्‌घाटन झालेला प्रकल्प दिवसाकाठी ७०० टन कचऱ्यावर १४ मेगावॅट विजेच्या हिशेबाने उभारलेला आहे. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची वस्ती दीड लाखाच्या आतच होती. माणशी ४०० ग्रॅम कचरा धरला तर साठ टनांच्या आसपास माल, आणि मोशीच्याच प्रमाणाने वीज सव्वा मेगावॅट. परळीचा एकेक संच २५० मेगावॅटचा! मग भट्टीचे पोट भरण्यासाठी आसपासच्या गावांचा कचरा वाहून आणावा लागेल, आणि भंगार वेचून पोट भरणाऱ्या बायांच्या पोत्यातील पुठ्ठा व प्लॅस्टिक यांवर मक्तेदाराची दृष्टी जाईल, कारण त्याच्या भट्टीला हवे ते नेमके तेच.

वास्तविक आपल्या खेड्यांतील उकिरडा हा या प्रश्नाचा जुना जाणकार. पावसाळ्यापूर्वी तो उपसून शेतात जाई. आणि बालाघाटाच्या हलक्या, मुरमाड जमिनीस अशा खताची भूक आजही आहे. त्याच विद्येला शास्त्राची जोड देऊन पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी उष्ट्या-खरकट्यावर चालणारे घरगुती गॅससंयंत्र सिद्ध केले, तर भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांच्या प्रयत्नांतून ‘निसर्गऋण’ उभे राहिले: ढिगातून मोकाट सुटणारा मिथेन बंद टाकीत धरावा, जाळून त्याच्याकडून काम करून घ्यावे व उरलेला रबडा जमिनीस परत द्यावा. टाकी गळकी असेल तर मात्र सारे मुसळ केरात, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. या यंत्रांना राबता हात लागतो, केवळ फीत कापून भागत नाही.

उकिरड्याचीसुद्धा दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. पण ती फिटण्याची वाट घंटागाडीच्या दोन कप्प्यांतून जाते, आणि ओले-सुके वेगळे करून ठेवणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांदेखत दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात रित्या होत असतील, तर पुढल्या यंत्राची निवड हा निव्वळ वाग्विलास होय. म्हणून माझी मागणी अगदीच कारकुनी आहे. कोणत्याही भट्टीची निविदा निघण्यापूर्वी किमान एक वर्ष ओल्या व सुक्या कचऱ्याची रोजची वजने, काट्यावर तोलून, दफ्तरी दाखल व्हावीत, आणि ती नोंदवही नगरपालिकेच्या सभागृहापुढे ठेवल्याखेरीज धुरांड्याचा ठराव दाखल करून घेऊ नये.