वर्गात बसणारा साहेब पाहिजे

आमच्या भावकीतले एक गृहस्थ मुंबईला जोगेश्वरीत राहतात. मे महिन्यात गावी आले, तेव्हा पारावर शाळेचा विषय निघाला. ते म्हणाले, "गावची शाळा धड असती, तर पोरांच्या शिक्षणापायी दहा बाय दहाच्या खोलीत कशाला दिवस काढले असते?" यावर कोणालाच बोलता येईना.

शाळेचा पट घसरतोय, हे सगळ्यांना दिसते. त्यावर आपला उपाय काय? वर्गणी काढायची, भिंती रंगवायच्या, टीव्ही बसवायचा. गुरुजी शिकवतात कसे आणि अडले तर त्यांना मदत कोण करतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

पिकावर कीड पडली, तर जाणत्या माणसाने बांधावर यावे, पान उलटून पाहावे, असे आपण म्हणतो. तालुक्याच्या सभागृहात भाषण ऐकून कीड जात नाही. शिक्षकांचे नेमके हेच होते. प्रशिक्षण तालुक्याला आणि अडचण वर्गात!

यासाठीच शासनाने १९९४ साली केंद्रप्रमुखांची पदे निर्माण केली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र, अशी राज्यात ४,८६० केंद्रे. केंद्रप्रमुखाने वर्गात बसावे, स्वतः पाठ घेऊन दाखवावा, चुकते तिथे शिक्षकाशी समजुतीने बोलावे, ही कल्पना. पण झाले काय? अनेक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. जे नेमले गेले, त्यांचा वेळ माहितीचे तक्ते गोळा करण्यात गेला. साहेब यायचे, दफ्तर तपासायचे, चहा घेऊन जायचे. वर्ग तसाच.

हे बदलता येते, हे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने दाखवले. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांवर नुसता शेरा मारला नाही, त्यांच्यासोबत काम केले. मुले फरशीवरच्या आकृत्यांभोवती बसून, वस्तू हाताळून शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, तेव्हा कुमठ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. शाळा जिल्हा परिषदेच्याच होत्या, शिक्षकही तेच. बदलली ती साहेबाची बसायची जागा.

दुसरी गोष्ट मुख्याध्यापकाची. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीला दीडशेपेक्षा जास्त मुले असली, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. वाडीवस्तीच्या शाळेला ते कुठून मिळणार? तिथे एका गुरुजींच्या गळ्यात 'चार्ज' पडतो. वर्ग सांभाळायचा, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, बैठकांना पळायचे. सहकाऱ्याचा पाठ ऐकायला त्यांना सवड कुठली?

इथे गावाने पुढे यावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सहीपुरते न बसता त्यांनी विचारावे, "या महिन्यात वर्गात बसून पाठ कोणी पाहिला? गुरुजींना काय मदत झाली?" केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असेल, तर ग्रामसभेत ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावा. मात्र गुरुजींची उलटतपासणी नको. मदतीच्या नावाखाली पहारा बसला, तर कोणीही आपली अडचण सांगणार नाही.

भिंतीचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. गुरुजींच्या हातात बसलेली शिकवण्याची रीत पुढच्या कित्येक तुकड्यांना पुरते. मग कोणाला पोरांच्या शिक्षणापायी जोगेश्वरी गाठावी लागणार नाही.