मावशींना शालीबरोबर सुट्टीही द्या

३ डिसेंबर जवळ आला की विशेष मुलांच्या शाळांमध्ये जागतिक दिव्यांग दिनाची तयारी सुरू होते. मांडव पडतो, पाहुणे येतात, मुलं नाचतात, गातात. विश्वस्तांचा सत्कार होतो, देणगीदारांचा होतो. मुलांना स्टेजपर्यंत आणणाऱ्या, मध्येच एखाद्याचे ओले कपडे बदलणाऱ्या मावशी मात्र पडद्यामागेच राहतात. कुठे कुठे त्यांनाही शाल आणि गुलाब मिळतो. चांगलंच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आयुष्यात काय बदललेलं असतं?

हे काम कोणालाही जमतं, असा आपला समज असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवताना मान आणि पाठ नीट सांभाळावी लागते. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नसते, तोंडात चमचा घालायचा नसतो. एका कुशीवर वळवून घड्याळ बघायचं असतं. बोलू न शकणारं मूल भुकेनं रडतंय की पोट दुखतंय म्हणून, हे ओळखायला महिनोन् महिने जातात. म्हणून मावशी काम सोडून गेल्या की त्या मुलाची भाषा समजणारं माणूसच जातं.

आपलं कौतुकही कधी कधी अपमान करतं. "कसं हो करता तुम्ही हे? मला नसतं जमलं!" हे आपण व्हीलचेअरवरच्या तरुणाच्या देखत बोलतो. तो ऐकत असतो. त्या एका वाक्यात तो ओझं ठरतो आणि मावशी हमाल. त्यापेक्षा आधी त्यालाच विचारा, मावशींचं कोणतं काम त्याला आवडतं आणि काय खटकतं. शब्दांनी नाही तर खुणेनं सांगेल. मावशींच्या कामाबद्दल बोलायचा पहिला हक्क त्याचाच आहे.

दुसरा घोळ 'सेवा' या शब्दाचा. "सवाबचं काम आहे" म्हणायचं आणि पगाराची घासाघीस करायची, हे आपल्याही घरांत चालतं. ब्युरोकडून येणारी बाई बारा-बारा तासांची ड्युटी करते, त्यातून ब्युरो आपला वाटा कापून घेतो. पेशंट गेला की तिचं कामही जातं. "त्या आमच्या घरच्याच आहेत" असं आपण म्हणतो, पण त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो. ईदी देतो, पण ईदच्या दिवशीही कामावर बोलावतो. त्या मावशी खाला असतील तर ईद त्यांचीही असते. त्या दलित असतील तर १४ एप्रिल त्यांचा असतो.

हा फक्त घराघरातला प्रश्न नाही. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळने 'आश्वासकिरणम' योजनेत घरी पूर्णवेळ काळजी घेणाऱ्यांना दरमहा मदत द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण या कष्टाची सरकारदरबारी नोंद तरी झाली. आपल्या जिल्ह्यात असा भत्ता किती जणांच्या हातात पडतो, हे आमदारांना विचारा, माहिती अधिकारात विचारा. आणखी एक: लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो. घरी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे मावशींना सांगणं हाही त्यांचा सन्मानच आहे.

घरात, शाळेत, मोहल्ल्यात आपण तरुण काय करू शकतो? पगाराची तारीख, कामाचे तास आणि आठवड्याची भरपगारी सुट्टी कागदावर लिहून घ्यायला घरच्यांना भाग पाडा. मावशींना नावानं ओळखा. बसायला खुर्ची आणि वेळेवर जेवण मिळतंय का, ते बघा. शाळेला पत्र लिहून त्यांच्या प्रशिक्षणाची आणि कंबर वाचवणाऱ्या साधनांची मागणी करा. उचलून उचलून त्यांची पाठ आधी जाते. आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दोन तास तुम्ही थांबा. कूस कशी बदलायची, घास केवढा द्यायचा, हे आधी त्यांच्याकडून नीट शिकून घ्या. भाऊ असाल तर हे काम बहिणीवर ढकलू नका.

येत्या ३ डिसेंबरला शाल जरूर द्या. तिच्यासोबत सुट्ट्यांचं वेळापत्रकही द्या, सही करून.