जुन्या कार्डाला ‘लेटेस्ट’ नको, शेवटचा ड्रायव्हर द्या

जुन्या पीसीवर विंडोज नव्यानं टाकलं की पडद्यावरची अक्षरं फुगतात, फोटो पसरट दिसतात, एखादी विंडो सरकवली की ती अडखळत सरकते. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नाही पडलेला.’ निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. घोटाळा होतो तो पुढे. आपण कार्डाचं नाव लिहून त्यापुढे ‘लेटेस्ट ड्रायव्हर’ असं शोधतो, सगळ्यात वर दिसेल ते उतरवतो आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटतो.

असं करू नका. वर दिसतात त्या बहुधा जाहिराती असतात आणि तिथून पदरात पडतो तो ‘ड्रायव्हर अपडेटर’. तो पीसी तपासल्यासारखं करतो, लाल अक्षरांत डझनभर ड्रायव्हर जुने झाल्याचं सांगतो आणि पैसे मागतो. शिवाय जाता जाता चांगला चालणारा साउंडचा किंवा नेटवर्कचा ड्रायव्हरही बदलून ठेवतो. म्हणजे चित्र सुधारायला गेलात आणि नेट घालवून बसलात. फुकट असला तरी तो नको. ड्रायव्हर घ्यायचा तो चिप बनवणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून. पीसी डेल, एचपी, लेनोवो असा ब्रँडेड असेल तर त्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावरून घ्या किंवा विंडोज अपडेटमधून येऊ द्या. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीचंच पान बघा, कारण त्यात बऱ्याचदा दोन ग्राफिक्स चिप असतात आणि त्यांचं एकमेकींशी जमवून देणारा ड्रायव्हर तिथेच मिळतो.

आता ‘शेवटचा’ म्हणजे कुठला ते बघू. कार्ड काही वर्षांचं झालं की कंपनी त्याला नव्या ड्रायव्हरमधून वगळते. जीफोर्स २१० हे कार्ड आपल्याकडे सायबर कॅफेंत, क्लासेसच्या लॅबमध्ये आणि फोटो स्टुडिओत ढिगानं बसवलं गेलं. त्याच्यासाठीचा विंडोजचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, तो डिसेंबर २०१६चा. जीटी ६१० सारख्या फर्मी पिढीच्या कार्डांसाठी ३९१.३५, मार्च २०१८चा. जीटी ७१० केपलर पिढीतलं. त्या पिढीला नव्या सोयी देणं २०२१मध्ये थांबलं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४पर्यंत आल्या. एएमडीच्या एचडी ५४५० आणि ६४५० या स्वस्तातल्या कार्डांचा हिशोब २०१६च्या सुरुवातीलाच मिटला. तेव्हा कंपनीच्या साइटवर पहिल्या पानावरचा चकचकीत नवा ड्रायव्हर उतरवलात, तर इन्स्टॉलर सरळ सांगतो की जुळणारं ग्राफिक्स हार्डवेअर सापडलं नाही. कार्ड बिघडलेलं नसतं. त्या ड्रायव्हरला तुमचं कार्ड माहीतच नसतं. साइटवर कार्डाची मालिका, मॉडेल आणि विंडोज हे तिन्ही नीट निवडा, म्हणजे जुनी फाइल आपोआप पुढे येते.

पण त्यासाठी कार्ड कुठलं ते नक्की ठाऊक हवं, आणि इथे खोक्यावर किंवा बिलावर विसंबू नका. जीटी ७३० घ्या. एनव्हिडियानं या एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिप विकल्या. काही कार्डांवर फर्मी, काहींवर केपलर. नाव तेच, शेवटचा ड्रायव्हर मात्र वेगळा. शेजाऱ्याच्या जीटी ७३०वर जो ड्रायव्हर सुरळीत बसला तो तुमच्या जीटी ७३०वर बसेलच असं नाही. (ग्राहकाला असं कोड्यात टाकण्यापेक्षा दोन नावं दिली असती तर कंपनीचं काय बिघडलं असतं, कोण जाणे.)

खरी ओळख डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळते. विंडोज १०मध्ये विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. विंडोज ७मध्ये ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘मॅनेज’मधून जा. ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ किंवा ‘स्टँडर्ड व्हीजीए’ असं काही दिसत असेल तर ड्रायव्हर पडलेला नाही हे पक्कं. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ येईल. तिच्यात ‘व्हीईएन’पुढे चार आकडे-अक्षरं असतात: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. ‘डीईव्ही’पुढची चार म्हणजे नेमकी चिप. मघाच्या जीटी ७३०मध्ये तिथे ०एफ०२ दिसलं तर फर्मी, १२८७ दिसलं तर केपलर. ड्रायव्हर नसला तरी ही ओळ दिसतेच. ती कागदावर उतरवा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्याबरोबर विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं तेही बघून ठेवा. दोन जीबी रॅमच्या जुन्या पीसींवर अजून ३२ बिटचं विंडोज भेटतं, आणि एनव्हिडियानं २०१८मध्येच ३२ बिटसाठी नवे ड्रायव्हर काढणं थांबवलं.

कार्ड वेगळं बसवलेलंच नसेल, चित्र प्रोसेसरमधल्या इंटेलच्या चिपवर चालत असेल, तर गोष्ट सोपी होते. दुसऱ्या पिढीच्या आय-थ्री, आय-फाइव्हमधल्या एचडी २००० आणि ३०००साठी इंटेलच्या साइटवर विंडोज १०चा ड्रायव्हर शोधत बसू नका. नेट जोडा आणि विंडोज अपडेटला त्याचं काम करू द्या.

प्रत्यक्ष ड्रायव्हर टाकताना घाई नको. फाइल आधी उतरवून घ्या, रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, मग लॅनची केबल काढा किंवा वायफाय बंद करा. नेट चालू असलं की आपण एक ड्रायव्हर टाकत असताना विंडोज अपडेट मागच्या दारानं दुसराच आणून बसवतं आणि दोघांच्या भांडणात पडदा काळा होतो. आधी दोन-तीन ड्रायव्हर टाकून-काढून झाले असतील तर त्यांचे अवशेष साफ करायला ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाचं फुकट साधन आहे. ते सेफ मोडमध्ये चालवायचं. विंडोज १०मध्ये शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं की सेफ मोडचा रस्ता मिळतो, विंडोज ७मध्ये सुरू होताना एफ८. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक करा. थ्रीडी व्हिजन, जीफोर्स एक्स्पिरियन्स वगैरे जुन्या पीसीला ओझंच, त्यांची टिक काढा. मध्ये पडदा काही सेकंद काळा होतो, लुकलुकतो. तेव्हा घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. यूपीएसची बॅटरी गेलेली असेल आणि तुमच्याकडे लाइट जायची वेळ ठरलेली असेल, तर ती वेळ टाळून बसा.

सगळं झाल्यावर चित्र उत्तम आलं आणि आवाज गेला, अशी तक्रार फार येते. मॉनिटर एचडीएमआयवर असेल तर नवा ड्रायव्हर आवाजही तिकडेच वळवतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. घड्याळाशेजारच्या स्पीकरवर क्लिक करून जुना साउंड परत निवडा. दोन दिवसांनी चित्र पुन्हा बिघडलं तर विंडोज अपडेटनं ड्रायव्हर बदलला का ते बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण त्यासाठीच आहे.

विंडोज ७वाल्यांसाठी वेगळं बोलायला हवं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, तरी गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे ते चालू आहे, कारण त्यांची पेजमेकरची, श्रीलिपीची वर्षानुवर्षांची कामं त्यावर आहेत. हौस म्हणून कुणी जुनं विंडोज ठेवत नाही. अशा मशिनवर ड्रायव्हर बसला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ५२’ दिसला, तर ड्रायव्हर खराब आहे असं समजू नका. कंपन्यांनी ड्रायव्हरवरची डिजिटल सही नंतर नव्या पद्धतीनं, एसएचए-२नं, करायला घेतली आणि नव्यानं टाकलेल्या विंडोज ७ला ती सही वाचता येत नाही. केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही मायक्रोसॉफ्टची दोन अपडेट टाकली की ती वाचता येते. कुणी ‘सही तपासणंच बंद करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, ते कुलूप काढून दार सताड उघडं ठेवण्यासारखं आहे. आणि असं मशिन शक्यतो नेटला जोडूच नका; फाइल पेनड्राइव्हनं आणा, आधी स्कॅन करून.

कुठलीच साइट उघडत नाही, सगळीकडे ‘सर्टिफिकेट’ची कुरकुर, असं असेल तर पडद्यावरची तारीख बघा. २००९ साल दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल संपलाय. तो बदला, तारीख लावा, मग ड्रायव्हरकडे वळा.

आता ज्यात ड्रायव्हरचा काडीचाही दोष नसतो त्याबद्दल. पीसी सुरू होताना, विंडोज यायच्या आधीच, कंपनीच्या लोगोवर किंवा बायोसच्या पानावर उभ्या रेघा, ठिपके, रंगांचा चिवडा दिसत असेल तर ड्रायव्हर शोधणं तिथेच थांबवा. त्या घडीला ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. पीसी बंद करून वायर काढा, कॅबिनेट उघडा, कार्ड स्लॉटमधून काढा. त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर असेल तर साध्या खोडरबरानं हलकेच पुसा, स्लॉटमधली धूळ ब्रशनं काढा आणि खटका वाजेपर्यंत कार्ड परत दाबून बसवा. पंखा हातानं फिरवून बघा. अडकत असेल तर कार्ड तापणारच. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला वरून सहा पिनची केबल लागते आणि सफाईनंतर ती लावायची राहून जाते. मॉनिटरची केबलही बघा. ती कार्डाच्या पोर्टात हवी, मदरबोर्डच्या नव्हे. ही शंका हास्यास्पद वाटेल, पण ‘कार्ड चालतच नाही’ म्हणून आलेल्या पीसींत ही केबल चुकीच्या पोर्टात लावलेली निघतेच.

एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजर ‘कोड ४३’वर अडून बसला तर कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघा. तिथेही तेच असेल तर चिपच गेली असण्याची शक्यता मोठी. ‘हीट मारून’ चालू करून देणारे भेटतात आणि कार्ड चालूही होतं, पण अशी दुरुस्ती सहसा टिकत नाही. दहा वर्षांच्या कार्डावर त्यासाठी पैसे घालू नका. मदरबोर्डवर चित्राची सोय असेल तर कार्ड काढून ठेवा आणि त्यावरच काम चालवा. टायपिंग, बिलं, नेट एवढ्याला ते पुरतं.

यूट्यूब अडखळतं म्हणूनही लोक ड्रायव्हर बदलत बसतात. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीनं पाठवतं. जीफोर्स २१०ला त्या दोन्ही उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. कुठल्याही ड्रायव्हरनं चिपला नवी विद्या येत नाही. ब्राउझरमध्ये एच२६४ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाका, नाहीतर ४८०पीवर समाधान माना. फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांचंही असंच आहे. त्यांना डायरेक्टएक्स १२ समजणारं कार्ड लागतं. स्टुडिओवाल्यांनी जीफोर्स २१०वर जुनी आवृत्तीच चालू ठेवावी.

शेवटी नवं-जुनं कार्ड घ्यायची वेळ आलीच, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जा, पण कार्ड दुकानातच चालू करून बघा. जुन्या फर्मी चिपचा बायोस बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवण्याचा धंदा बराच काळ चालला आहे. असं कार्ड विंडोजमध्ये नाव खोटंच दाखवतं आणि खरा ड्रायव्हर टाकला की कोलमडतं. जीपीयू-झेड हे छोटं फुकट साधन पेनड्राइव्हवर घेऊन जा. ओळखता आलेल्या बनावट कार्डाच्या नावामागे ते ‘फेक’ असं लिहून दाखवतं.

विंडोज १०चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला डायरेक्टएक्स १२ लागतं, तेव्हा जीफोर्स २१०वाल्यांना तो रस्ता बंद आहे. नुसतं नेट आणि लिखाण असेल त्यांनी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघावं. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही. खेळ आणि जड कामं मात्र त्यावर मागू नका.

आणि ड्रायव्हर एकदा नीट बसला की ती फाइल जपून ठेवा, जुन्या फाइली साइटवर कायम राहतीलच असं नाही. कॅबिनेटच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर कार्डाचं नाव, डीईव्हीचे चार आकडे आणि चाललेल्या ड्रायव्हरचा नंबर लिहा. पुढच्या वेळी विंडोज टाकणारा दुसराच कुणी असेल, त्याला फोन करून विचारावं लागणार नाही.